जोडीचं वजन

पैलवानाने उभ्या आयुष्यात कुस्ती खेळली नव्हती. कुणी अंगावर धावून आलं तर आधी खुर्ची पुढे करून ‘बसा, पाणी घ्या’ म्हणणारा हा माणूस. पण देहच असा होता की कामावर पहिल्याच दिवशी कुणीतरी ‘या, पैलवान’ म्हणालं आणि आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं. नाव पडलं म्हणून तो जास्त खायला लागला, असं त्याची बायको सांगायची. ते खोटं आहे. खाणं आधीपासूनच होतं.

त्याचं काम उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुण्याचं. गच्चीवरून दोन जाड तारा खाली सोडायच्या, त्यांना कठडे असलेला एक लांबट पिंजरा टांगायचा, त्याला हे लोक पाळणा म्हणतात, आणि त्यात दोघांनी उभं राहून मजल्यामागून मजला उतरत जायचं. एकाने साबणाचं फडकं फिरवायचं, दुसऱ्याने रबरी पट्टीने पाणी ओढून काढायचं. फडकं पैलवानाकडे, पट्टी मास्तरकडे. मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हता. चष्मा लावायचा आणि नुकत्याच धुतलेल्या काचेत चुका काढायचा, म्हणून मास्तर. अंगाने इतका बारीक की वारा सुटला की खालचे लोक ओरडायचे, पैलवान, त्याच्या खिशात दोन विटा टाक रे.

कैक वर्षं ही जोडी एकाच पाळण्यात होती. पैलवान डावीकडे सरकला की मास्तर न सांगता उजवीकडे व्हायचा आणि पाळणा जरासुद्धा कलायचा नाही. नव्या माणसाला हे अंगवळणी पडायला महिने लागतात. शिवाय दिवसभर अधांतरी लटकायचं तर बोलायला कुणी हवं. पैलवान आपल्या बायकोशी बोलला नसेल इतकं मास्तरशी बोलला होता. बायकोचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं, उलट संध्याकाळी नवरा बोलून बोलून रिकामा होऊन घरी येतो याचं तिला बरंच वाटायचं.

तर अशा सुखाच्या संसारात नवा पाळणा आला.

कंपनीने जुने पाळणे भंगारात काढायचं ठरवलं होतं. नव्या पाळण्याला एक वजनाचा काटा होता. आत जितका भार पडेल तितका काटा पुढे सरकायचा, आणि लाल पट्ट्यात शिरला की मोटर बंद होऊन टीं टीं टीं असा आवाज सुरू व्हायचा. सुरक्षा बघणाऱ्या मॅडमनी कंपनीच्या अंगणात सगळ्या जोड्यांना एकेक करून पाळण्यात उभं केलं. अंगाला सुरक्षेचे पट्टे बांधून, भरलेल्या बादल्यांसकट. सगळ्यांचे पाळणे हातभर वर उचलले गेले. पैलवान आणि मास्तर चढले तसा काटा थेट लाल पट्ट्यात, आणि यंत्राने असा काही गळा काढला की शेजारच्या कचेरीतले लोक खिडकीत आले.

“बादल्या अर्ध्या भरू,” पैलवान म्हणाला.

“अर्ध्या बादलीत अर्धी इमारत धुणार का?” मॅडम म्हणाल्या. वयाने लहान, पण बोलण्यात कुठे सैल नाही. “वर्षअखेरपर्यंत जुना पाळणा वापरा. त्यानंतर नवा. जोडीचं वजन बसलं तर ठीक. नाहीतर जोडी बदलावी लागेल. एक जण खाली, एक वर दुसऱ्याबरोबर.”

एक जण म्हणजे कोण, हे विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. सगळे पैलवानाच्या पोटाकडे बघत होते, आणि त्यांच्याबरोबर पैलवानही.

त्या दिवशी घरी गेल्यावर त्याने जाहीर केलं की वजन उतरवायचं आहे, आणि त्यासाठी सगळ्यात चांगला व्यायाम कोणता ते शोधायचं आहे. आता या जगात मोफत मिळणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत, पण वजन कसं उतरवावं याचा सल्ला तुम्ही नको म्हणालात तरी दारातून आत येतो. मेव्हणा आला तो तसाच. त्याचं स्वतःचं पोट त्याच्या एक पाऊल पुढे चालतं, पण आत्मविश्वास दांडगा.

“दाजी, व्यायामशाळा,” तो म्हणाला. “बाकी सगळं झूट. वजन उचलल्याशिवाय वजन उतरत नाही.”

“चालायला सांग त्यांना,” आतून बायको म्हणाली.

“चालणं हा काय व्यायाम झाला?” पैलवान म्हणाला. “चालतो तर सगळेच.”

“तुम्ही नाही चालत,” बायको म्हणाली, आणि विषय संपला असं तिला वाटलं. पैलवानाला तसं वाटलं नाही. ज्याला नाव आहे, यंत्र आहे, आणि जो केल्यावर चार माणसांना सांगता येतो, असा व्यायाम त्याला हवा होता.

बायकोने मात्र एक अट घातली. हवा तो व्यायाम करा, पण उपाशी राहायचं नाही. उंचावर काम करणाऱ्या माणसाला चक्कर आली तर? ती रोज भरगच्च डबा देणार आणि तो रिकामा परत आला पाहिजे. पैलवानाने मान डोलवली. मनात त्याने वेगळंच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर डबा उघडल्यावर त्याने थोडा भात, थोडी भाजी झाकणात काढून घेतली आणि उरलेलं सगळं मास्तरपुढे सरकवलं.

“खा. रिकामा गेला पाहिजे, नाहीतर घरी माझी काही खैर नाही.”

मास्तर एरवी दुपारी बिस्किटांचा पुडा आणि एखादं केळं यावर भागवायचा. भूकच कमी म्हणायचा. त्याने डब्याकडे पाहिलं, चष्मा वर सरकवला आणि म्हणाला, “मैत्रीखातर करतो.” मग त्याने अंड्याच्या रश्शातलं शेवटचं अंडंसुद्धा मैत्रीखातर संपवलं.

व्यायामशाळेत पैलवान पहाटे जायला लागला. तिथे पळायचा पट्टा होता, त्यावर माणसं घामाघूम होऊन धावायची आणि जिथल्या तिथेच राहायची. पैलवानाला ते बघूनच दम लागला. पण खरी अडचण वेगळी होती. त्या खोलीच्या चारही भिंतींना आरसे होते, आणि प्रत्येक आरशावर बोटांचे ठसे, घामाचे शिंतोडे, कुणीतरी ओल्या फडक्याने ओढलेले फरांटे. इतकी वर्षं काचा धुतलेल्या माणसाने हे उघड्या डोळ्यांनी बघत दंड कसे काढायचे? पहिल्या दिवशी त्याने फक्त एक डाग पुसला. आठवडाभरात तो घरून फडकं आणि पट्टी घेऊन जायला लागला. मालक खूश झाला, त्याला बसायला खुर्ची आणि चहा मिळायला लागला. तरी वजनंही त्याने उचलली, अगदी इमानदारीने, आरसे पुसून झाल्यावर.

दर शनिवारी दोघं अंगणातल्या नव्या पाळण्यात चढून काटा बघायचे. पैलवान दुसऱ्या कुठल्या काट्यावर उभा राहायला तयार नव्हता. औषधांच्या दुकानाबाहेर एक बोलता काटा होता, तो गोड आवाजात तुमचं वजन सगळ्या रस्त्याला ऐकवायचा. ती बेअब्रू कोण करून घेणार? आणि जो काटा आपला निकाल लावणार त्यालाच विचारावं, हे त्याचं म्हणणं होतं. शिवाय या लोकांची रीतच जोडीने मोजायची. जोडीने काम, जोडीने सुट्टी, एकाला ताप आला तर दोघं घरी. त्यामुळे एकट्याने काट्यावर उभं राहावं, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. ते चढायचे, यंत्र गळा काढायचं, ते उतरायचे. काटा होता तिथेच होता.

“व्यायामशाळा कुचकामाची,” पैलवानाने निकाल दिला.

मग लेकीचा नंबर लागला. ती नुकती नोकरीला लागली होती आणि बापाला सुधारायची तिला भारी घाई झाली होती. “बाबा, पोहणं. सगळ्या अंगाला व्यायाम, गुडघ्यांवर भार नाही.” आता गंमत बघा. हा माणूस विसाव्या मजल्यावरून खाली वाकून रस्त्यावरच्या भांडणाचा निकाल सांगायचा, पण छातीभर पाण्यात उतरल्यावर त्याने तलावाचा कठडा दोन्ही हातांनी धरला. पोहायला शिकवणारा म्हणाला, “आजोबा, कठडा सोडा.” आजोबा म्हटल्याचा त्याला राग आला, पण राग दाखवायला कठडा सोडावा लागला असता. शेवटी गुडघेदुखीच्या आज्यांचा एक घोळका पाण्यात नुसता चालायचा, त्यात तो सामील झाला. त्यांनी त्याला प्रेमाने मधे घेतलं. त्यातल्या एकीने आपल्या सुनेचा सगळा पाढा त्याच्यापुढे वाचला, आणि पैलवान इतका रंगून गेला की सून आज काय म्हणाली हे ऐकायला तो एकही सकाळ चुकवेना. दुपारी डब्यातलं सगळं मास्तरकडे आणि सुनेची गोष्टही मास्तरकडे. मास्तर दोन्ही मन लावून संपवायचा.

“सुनेची बाजू बरोबर आहे,” एकदा तो तोंडात बटाट्याची फोड असतानाच म्हणाला. “आणि वहिनींना सांग, आज मीठ जरा जास्त.”

“मी नाही सांगणार. तिला वाटतंय मी खातोय.”

शनिवारी काटा होता तिथेच. पोहणंही बाद. त्यानंतर दोरीवरच्या उड्या झाल्या. पण खालच्या मजल्यावरची बाई आपल्या दिव्याची फुटलेली काच हातात घेऊन वर आली आणि दारात उभी राहिली, तेव्हा त्याही संपल्या. मग शेजाऱ्याची सायकल. “तुम्ही उतरलात हो बरेच,” बायको म्हणायची. “यंत्र तसं म्हणत नाही,” पैलवान म्हणायचा, आणि बायको प्रेमापोटी खोटं बोलते म्हणून आणखीच खिन्न व्हायचा. कामावरचा अंगरखा आणि विजार एकाच कापडाची, कमरेला नाडी. सैल झालं की ती नाडी तो सवयीने आवळायचा आणि पुढच्या कामाला लागायचा.

शेवटी तो डॉक्टरांकडे गेला. “डॉक्टर, खरं सांगा. वजन उतरवायला सगळ्यात चांगला व्यायाम कुठला?”

डॉक्टर म्हणाले, “जो तुम्ही पुढच्या वर्षीही करत असाल, तो.”

पैलवान बाहेर आला तो चिडूनच. इतकी वाट बघून आत जायचं आणि एका व्यायामाचं धड नावसुद्धा मिळू नये! मास्तरला सांगितलं तर तो नुसता हसला. वर्ष संपत आलं होतं. आता पैलवान हसण्यावारी नेण्याच्या पलीकडे गेला होता. पाळण्यात शिरताना त्याला वाटायचं, याच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या शेजारी मी उभा राहू शकेन का? आणि माझ्याशिवाय हा? तो हे मास्तरला बोलून दाखवायचा नाही. फडकं मात्र जास्त जोरात घासायचा.

नेमक्या त्याच दिवसांत ते सहाव्या मजल्यावरच्या बाईंच्या काचेपाशी आले.

या बाई एका कचेरीत खिडकीपाशी बसायच्या, कानाला यंत्र लावून दिवसभर फोनवर बोलायच्या. दर तीन महिन्यांनी पाळणा त्यांच्यासमोर यायचा. काचेमुळे आवाज आत जायचा नाही की बाहेर यायचा नाही, पण इतक्या वर्षांत हातवाऱ्यांची ओळख पक्की झाली होती. एकदा त्यांनी नातवाचा फोटो काचेला लावून दाखवला होता, तेव्हा पैलवानाने फेसाने काचेवर फूल काढलं होतं. या खेपेला त्यांनी वर पाहिलं, हात हलवला, आणि हात तसाच हवेत राहिला. त्यांनी पैलवानाकडे बोट केलं आणि दोन्ही तळवे जवळ आणून दाखवले. किती बारीक झालात! पैलवानाने खांदे उडवले. मग त्यांनी मास्तरकडे बोट केलं, गाल टम्म फुगवले, आणि पोटावरून हात फिरवून इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून बघायला आला. त्यानेही मास्तरकडे पाहून मान हलवली.

पैलवान वळला. तुम्हाला नवल वाटेल, पण पाळण्यातली माणसं एकमेकांकडे फारसं बघतच नाहीत. दोघांची तोंडं दिवसभर काचेकडे. शेजारी दिसतो तो काचेत, तोही फेसाआड. त्या दिवशी पैलवानाने मास्तरकडे सरळ, भर उजेडात पाहिलं. मास्तरला गाल आले होते. मनगटावर मांस होतं. पट्टा छातीवर घट्ट बसला होता.

“मास्तर,” तो म्हणाला, “तू जाड झालायस.”

“मी?” मास्तरने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, जणू तिथे कुणी परका येऊन बसला होता.

“म्हणजे मी व्यायामशाळेत मरतो, पाण्यात मरतो, दोरीवर मरतो, आणि उतरवलेलं सगळं तुझ्या अंगावर चढतंय! माझा डबा खाऊन! अरे, तू माझा घाम खाल्लास!”

सहाव्या मजल्यावर लटकलेल्या त्या पाळण्यात दोघं असे हसले की तारा थरथरल्या आणि खालून कुणीतरी शिट्टी वाजवली. म्हणजे सगळे व्यायाम बरोबर होते तर. आरसेवाली व्यायामशाळाही बरोबर, आज्यांचा घोळकाही बरोबर. चुकली होती ती दोघांची मोजायची रीत.

“ठीक आहे,” डोळे पुसत मास्तर म्हणाला. “उद्यापासून डबा बंद. मला काय, सवय आहे.”

आणि त्याने ते पाळलं. पैलवान डबा पुढे करायचा, मास्तर बिस्किटांचा पुडा काढायचा. पैलवान पुन्हा सायकलवर बसला, उरलेला डबा नाइलाजाने इमारतीच्या पहारेकऱ्याला देऊ लागला. पुढच्या शनिवारी काटा हलला. त्याच्या पुढच्या शनिवारी लाल पट्ट्याच्या काठावर आला. आणि मग एका शनिवारी ते चढले, आणि यंत्र गप्प राहिलं. पाळणा हातभर वर उचलला गेला. अंगणात टाळ्या पडल्या. पैलवानाने आनंदाच्या भरात मास्तरच्या पाठीवर थाप मारली, आणि त्याच्या तळहाताला पाठीची हाडं लागली.

त्याने हात तिथेच ठेवला. टाळ्या चालूच होत्या.

“काल रात्री काय जेवलास?” खाली उतरल्यावर त्याने विचारलं.

“जेवलो की काहीतरी.”

“काय?”

मास्तरने चष्मा काढून अंगरख्याला पुसला. “ती गेल्यापासून चूल पेटवायचा कंटाळा येतो रे,” तो म्हणाला. “एकट्याच्या तोंडासाठी भांडी काढायची, घासायची. पाव खातो. हल्ली तोही कमीच. म्हटलं, काटा लवकर उतरेल. तुला खाली पाठवलं तर मी वर कुणाशी भांडू?”

मास्तरची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. पैलवान तिच्या मयताला गेला होता, त्याने खांदाही दिला होता. आणि तेव्हापासून आजपर्यंत, रोज त्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहूनसुद्धा, घरी गेल्यावर हा काय खातो हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. भूक कमी म्हणाला, यानेही ते खरं मानलं. पैलवानाला स्वतःची इतकी लाज वाटली की घरी जाईपर्यंत त्याने सायकल हातात धरून नेली, बसला नाही.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. डब्याची लबाडीसुद्धा. आता खरडपट्टी निघणार म्हणून तो मान खाली घालून बसला.

“इतके महिने भाऊजी खात होते,” ती म्हणाली, “आणि तुम्ही मला मीठ जास्त झालं होतं हेसुद्धा सांगितलं नाहीत?”

सोमवारी दोन डबे आले. मास्तर नको म्हणाला. पैलवान म्हणाला, नको तर तू वहिनीला स्वतः येऊन सांग. वहिनीला सांगण्याची मास्तरची हिंमत नव्हती, तेव्हा तो खाली बसला आणि जेवला. आधी हळूहळू, मग नाही.

वर्ष संपलं आणि मॅडम अंगणात आल्या. जोड्या एकेक करून चढल्या आणि उतरल्या. पैलवान आणि मास्तर चढले तेव्हा सगळे श्वास रोखून बघत होते. काटा सरकला, लाल पट्ट्याच्या काठाशी जरा थांबला, आणि केसभर आत शिरला. टीं टीं टीं.

मॅडमनी मोटर बंद केली. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं. “अगदी थोडक्यात आहे,” त्या म्हणाल्या. “असं करा. मास्तर, तुमची अंगकाठी मुळात बारीक. गेल्या महिन्यात तुम्ही उतरवलं होतंत ना? तेवढंच पुन्हा उतरवा. पंधरा दिवस देते मी. जोडी राहील.”

मास्तर लगेच म्हणाला, “उतरवतो. मला काय, सवय आहे.”

“नाही,” पैलवान म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो कधी मॅडमना नाही म्हणाला नव्हता.

“याचं काही उतरायचं नाही, मॅडम. एक तोळासुद्धा नाही. उतरवायचं ते माझं मी उतरवीन, कितीही दिवस लागोत.” त्याने छातीवरचा पट्टा सोडला, कठड्यावरून पाय टाकला आणि पाळण्याबाहेर आला. “तोवर मला खालच्या कामाला लावा.”

“मग मीपण खाली,” मास्तर म्हणाला.

“मग काचा कोण धुणार? मी?” मॅडम म्हणाल्या.

मास्तर पाळण्यातच उभा राहिला. त्याला बरंच काही बोलायचं होतं, पण चार माणसांत ते निघेना. “फडकं नीट पिळत नाही हा नवा,” एवढंच तो म्हणाला. नवा कोण ते अजून ठरलंसुद्धा नव्हतं.

नवा म्हणून रंगकाम सोडून आलेला एक जण मिळाला. आणि पैलवान खालचा माणूस झाला. खालच्या माणसाने इमारतीभोवती दोर बांधायचा, आणि वर पाळणा सरकेल तसं खाली त्याच्याबरोबर फिरत राहायचं. कुणी दोराखालून आत घुसू नये, वरून पट्टी पडली तर कुणाच्या डोक्यात पडू नये, तारा कुठे अडकू नयेत. सगळी इमारत फिरायची, दिवसभर. अर्थात बहुतेक खालची माणसं एक स्टूल आणतात आणि सावलीत बसून फिरल्यासारखं करतात. पैलवानानेही पहिल्या दिवशी दुपारनंतर हेच केलं. सकाळपासून चालून पोटऱ्या भरून आल्या होत्या. त्याने एक बादली उपडी घातली आणि हुश्श करून बसला.

वरून, नवव्या मजल्यावरून, आरोळी आली.

“ए पैलवान! बसलास काय? ऊठ! चाल!”

रस्त्यावरची माणसं थांबून वर बघायला लागली. नवा माणूस फडकं हातात धरून चकित होऊन मास्तरकडे बघत होता. मास्तर कठड्यावरून ओणवा होऊन खाली बघत होता. तिथून इमारतीच्या या बाजूचा सगळा रस्ता दिसतो, लपायला जागा नाही.

पैलवानाने तोंडाशी हात धरले. “आधी तू सांग! काल रात्री काय जेवलास?”

वरून साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर आलं.

“दोन अंडी!”

“नुसती अंडी?”

“आणि भात! मी शिजवला! कालवण करपलं! चाल आता!”

पैलवान उठला. बादली सरळ केली, कोपऱ्यात ठेवली, आणि दोराच्या कडेकडेने चालायला लागला.